ओब्रेनच्या ट्रॅक्टरचा रेडिएटर

प्रिय मिलुंका,

तुझं पत्र येऊन आज नऊ दिवस झाले. दुकानात टेबलावर, पक्कडीखाली ठेवलंय. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्यावरचं ऑस्ट्रियाचं तिकीट बघतं आणि विचारतं, काय तिहोमिर, ओब्रेनची पोरगी लग्न करतेय म्हणे? मी हो म्हणतो आणि त्याच्या रेडिएटरमध्ये डोकं घालतो. तू लिहिलंयस, लग्न ऑक्टोबरात आहे, बाप्तिस्म्याला तुला मी हातावर धरलं होतं तेव्हा लग्नालाही कूम म्हणून मीच शेजारी उभं राहायचं, आणि येताना तुझ्या बाबांनी तळघरात तुझ्या लग्नासाठी राखून ठेवलेलं, घरच्या भट्टीतल्या आलुबुखारच्या राकियाचं पिंप घेऊन यायचं. दुसऱ्या कुणाच्या हातची दारू त्या दिवशी नको, असंही लिहिलंयस. आणि खाली दोनदा रेघ ओढून, की रादोयला बोलवायचं नाही, भाऊ असला तरी त्याचं तोंड बघायचं नाही. पोरी, मी यायचं की नाही ते हे पत्र वाचून तू ठरव. पिंप मात्र येणार नाही. का, ते सांगायला बसलोय. मला आयुष्यभर फक्त डाख लावता आला, चार ओळी सरळ लिहिता आल्या नाहीत, तेव्हा पुढचं मागे आणि मागचं पुढे झालं तर सांभाळून घे.

तुमचा तो लाल ट्रॅक्टर रादोय जन्मला त्या वर्षी आला. तो जुना झाल्यापासून दर वसंतात तुझे बाबा त्याचा रेडिएटर काढून हातगाडीवर घालून माझ्याकडे आणायचे. तुला आठवत असेल, तूही मागे मागे यायचीस. मी तो पाण्याच्या टाकीत बुडवायचो, आत हवा सोडायचो आणि बुडबुडे कुठून येतात ते बघायचो. माझ्याआधी तुला दिसायचे. इथे, इथे, म्हणत तू बोट दाखवायचीस आणि मी तिथे खडूने खूण करायचो. ओब्रेन पालथ्या खोक्यावर बसून माझ्या कामाला नावं ठेवायचा. काय रे तिहो, एवढ्या भोकाला एवढासा डाख? तुझा उस्ताद जिवंत असता तर कानाखाली वाजवली असती. मी म्हणायचो, मग घरी जाऊन च्युइंगम लाव, ते फुकट पडेल. मग आम्ही दोघं एकेक पेला घ्यायचो आणि तो हातगाडी ढकलत निघून जायचा. मला सख्खा भाऊ नव्हता. मला त्याची उणीव कधी वाटली नाही, ती ओब्रेनमुळे.

आठ उन्हाळ्यांपूर्वी, गवताच्या दुसऱ्या कापणीत, ट्रॅक्टर भर माळावर उकळला. रेडिएटर माझ्याकडे आला तेव्हा मी आत बत्ती धरून बघितलं. इतक्या वर्षांत गळक्या नळ्या मी एकेक करून डाखाने बुजवत आलो होतो. तिसरा हिस्सा नळ्या बंद होत्या, उरलेल्या गाळाने भरलेल्या. मी सांगितलं, ओब्रेन, आता बस झालं, हा बदल. त्याला एवढा राग आला की तो खोक्यावरून उठला. बदल काय बदल? माझाही गुडघा कुरकुरतो, मलाही बदलणार का? मी म्हटलं, तुझ्या मापाचा दुसरा कारखान्यात निघत नाही, निघत असता तर कधीच बदलला असता. तो हसला नाही. म्हणाला, तू एवढी वर्षं लावलेले डाख तूच भंगारात घालायला निघालास, तुला काही वाटत नाही? मला लागलं ते. मी म्हणालो, अरे बाबा, यात आता तांबं थोडं आणि माझा डाखच जास्त. हे माझे शब्द, मिलुंका, माझ्या तोंडचे. मला सगळं माहीत होतं, आणि तरी काही माहीत नव्हतं.

नवा बसवला. ॲल्युमिनियमचा, हलका, वर-खाली प्लास्टिकच्या टाक्या. ओब्रेनने त्यावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, हा काय पोरांचा खाऊचा डबा आणलास. ट्रॅक्टर मात्र त्या दिवसापासून पुन्हा कधी उकळला नाही. मग तो जुन्याकडे बघत बसला. मेलेल्या कुत्र्याजवळ माणूस बसतो तसा. म्हणाला, आणि याचं काय करू? मला त्याची कीव आली. त्याचं मन राखायचं म्हणून मी बोलून गेलो, तांबं आहे, फेकू कशाला, भट्टीवर चढव, राकिया गार करेल. आपल्याकडे तांबं म्हटलं की माणसाचे डोळे कसे चमकतात ते तुला ठाऊक आहे. लोखंडातून निघालेली राकिया कुणी पाहुण्यापुढे ठेवणार नाही. त्यात तुमच्या भट्टीची वाफ गार करायची नळी त्याच वर्षी फुटली होती. ओब्रेनचा चेहरा असा उजळला की मी स्वतःवर खूश झालो.

ते काम मीच केलं. वाफ आत यायला एक पितळी नळी, राकिया बाहेर पडायला दुसरी, दोन्ही माझ्या हाताने डाखून दिल्या. आणि धुतला किती म्हणून सांगू. हिवाळ्यात पाणी गोठू नये म्हणून रेडिएटरमध्ये ते निळं पाणी घालतात ना, ते विष असतं, त्याचा थेंब राहता कामा नये, असं मी ओब्रेनला दहा वेळा बजावलं. आधी सोडा घालून उकळला, मग व्हिनेगर भरून तीन दिवस ठेवला, मग वास घेऊन बघितला, मग पुन्हा धुतला. बाटलीतलं विष मला दिसत होतं. मी स्वतः इतकी वर्षं त्यात ओतत आलो होतो ते दिसलं नाही. डाख म्हणजे काय असतं? निम्मं कथील आणि निम्मं शिसं. आलुबुखारची वाफ आंबट आणि कडक, ती त्या डाखावरून शिसं सोबत घेत थेंब थेंब होऊन उतरणार. डाखाच्या शेजारी पाव ठेवून मी रोज जेवलो, बोटं पँटला पुसली आणि खाल्लं. ज्याच्यावर पोट भरतं त्याची भीती वाटत नाही माणसाला.

सप्टेंबरात पहिली धार निघाली तेव्हा अंगणात सगळे होतो. रेडिएटर ओढ्याच्या पाण्याच्या हौदात उभा, आणि त्यातून काचेसारखी राकिया पडतेय. ओब्रेनने पहिला पेला मला दिला. मी म्हणालो, मऊ आहे, जरा गोडच लागतेय. तेव्हापासून तो सगळ्यांना सांगायचा, आमची राकिया गोड, कारण आमच्या तिहोने अख्खा रेडिएटर दिलाय तिच्यासाठी. तुझ्या लग्नाचं ते तुतीच्या लाकडाचं पिंप त्याच दिवशी भरलं. पोरगी लग्न करेना म्हणून पिंप वाळत पडलंय, निदान भरून ठेवतो, ती लाजून तरी नवरा शोधेल, असं म्हणाला होता. तू तेव्हा लिंट्झमध्ये नोकरीला लागली होतीस.

चार वर्षांपूर्वी डिसेंबरात, तुमच्या घरच्या संत निकोलाच्या सणाला मी नेहमीसारखा आलो. मेणबत्ती लावून झाली, उकडलेले गहू चमचा चमचा घेऊन झाले, मासे आले. ओब्रेनने सगळ्यांसाठी पेला उचलला आणि त्याचा उजवा हात मनगटातून खाली वाकला. पेला सांडला. तो म्हणाला, बघा, राकियालाही म्हातारा नकोसा झाला, आणि तोंड उघडून हसला. मी अगदी समोर बसलो होतो. त्याच्या दातांच्या मुळाशी, हिरड्यांवर, निळसर काळी रेघ होती. माझा उस्ताद ओस्तोया तू बघितला नाहीस. चाळीस वर्षं डाख लावून तो शेवटी पांढराफटक पडला होता, पोटात कळ आली की जमिनीवर गडबडा लोळायचा, दोन्ही हात मनगटातून लोंबायचे, बायको चमच्याने भरवायची. आणि हिरड्यांवर हीच रेघ. मला डॉक्टरची गरज नव्हती. घास तोंडात होता तेवढ्या वेळात मला सगळं कळलं, हे शिसं कुठून आलं, कुणी आणलं.

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. टेबलाभोवती वीस माणसं होती, पाद्री होते, आणि सगळ्यांपुढे त्याच राकियाचे पेले होते. मी मनात म्हटलं, उद्या एकट्याला गाठून सांगू. दुसऱ्या दिवशी गेलो तर तो अंगणात लाकडं फोडत होता, डाव्या हाताने, शिट्टी वाजवत. मी म्हटलं, वसंतात सांगू. पुढे असं झालं की आज सांगितलं तर तो विचारेल, काल का नाही सांगितलंस, म्हणून आजही नाही. चार गावांत मला लोक ओळखतात ते माझ्या डाखासाठी. तिहोमिरने बंद केलेलं भोक उघडत नाही, असं म्हणतात. मला माझ्या नावाची भीती वाटली. एवढीच गोष्ट आहे, तिला दुसरं काही नाव देता येत नाही.

आणि आता तुला जे सांगतोय ते मी देवासमोरही सांगितलेलं नाही. त्या सणापासून मी त्याची राकिया प्यायचं सोडलं. पोटात व्रण झालाय, डॉक्टरने बंदी घातली, असं सांगितलं. खोटं. ओब्रेनने माझी किती चेष्टा केली. म्हणायचा, दूध पी तिहो, दात येतील. पण मी गेलो की तो आधी चुलीवर माझ्यासाठी कॅमोमाइलचा चहा ठेवायचा, त्यात मध घालायचा, आणि मग स्वतःचा पेला भरायचा. चार वर्षं मी त्याच्यासमोर बसून चहा प्यायलो आणि तो माझ्यासमोर बसून ती राकिया प्यायला.

काहीच केलं नाही असं नाही, पण जे केलं ते चोरासारखं केलं. स्टेनलेस स्टीलची नवीकोरी नळी बनवून आणली आणि म्हटलं, ही घे, तुझ्या वाढदिवसाची, तो जुना रेडिएटर मला परत दे. त्याने नळीकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, एकदा तुझं ऐकून बदलला, ट्रॅक्टरचं काळीज काढलंस, आता भट्टीचंही काढतोस? चालतंय ते चालू दे. कुठे गळत असेल तर डाख लाव आणि चहा पी. तेव्हा एक शब्द बोललो असतो तर त्याने स्वतःच्या हाताने तो उपटून टाकला असता. मी नळी घेऊन घरी आलो. मग दोन वर्षांपूर्वी तुला बसवर सोडायला आलो तेव्हा तुझी पिशवी माझ्या हातून पडली आणि दोन बाटल्या फुटल्या, आठवतं? ती पडली नव्हती. मी पाडली. तू हसलीस, म्हणालीस, काका, तुमचे हात गेले आता, आणि रादोयला घरी पिटाळून दुसऱ्या दोन बाटल्या मागवल्यास. बस पाच मिनिटं थांबली. तेवढा वेळ मी तुझ्याशेजारी उभा होतो.

शेवटचा हिवाळा वाईट गेला. हे तुला कुणी नीट सांगितलेलं नाही, आणि ज्याच्याकडून ऐकायचं त्याचा फोन तू उचलत नाहीस. ओब्रेनला पोटात कळा यायच्या तेव्हा तो उशी चावायचा, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. रक्त कमी झालं, मूत्रपिंडं गेली. डॉक्टर म्हणाले, वय आणि दारू, आणि तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं. रादोय त्याला सूप भरवायचा, दाढी करून द्यायचा, रात्रंदिवस तिथेच. आणि ओब्रेन मागायचा म्हणून अर्धा पेला ओठाला लावायचा, कारण तेवढ्यानेच बापाला बरं वाटतं असं त्याला वाटायचं. फेब्रुवारीत तू आलीस आणि कबरीपाशी सगळ्यांच्या देखत त्याला म्हणालीस, तू बापाला पाजून पाजून मारलंस. त्याने फावडं उचललं आणि माती लोटायला लागला. मी त्याच्या शेजारी होतो, मीही फावडं उचललं. मग आपण सगळे घरी आलो आणि मेलेल्याच्या नावाने तीच राकिया वाटली, आणि तूही घेतलीस. पोरी, तुझ्या भावाने कुणाला मारलेलं नाही. मारलं मी. आधी न कळता, आणि नंतर चार वर्षं कळून.

गेल्या आठवड्यात मी रादोयकडे गेलो. त्याला अंगणात बाकावर बसवलं आणि हे सगळं सांगितलं, तुला सांगतोय त्याच क्रमाने. मला वाटलं तो मारेल. मारायला हवं होतं. तो आत गेला, टेबलावरचा पेला उचलला, धुतला, पालथा घातला आणि बाहेर येऊन म्हणाला, काका, मलाही सकाळी बटणं लावता येत नाहीत, मी म्हटलं दुःखाने असेल. मी त्याला शहरात नेलं, रक्त तपासलं. शिसं भरलेलं आहे, पण औषध आहे, वय लहान आहे, सावरेल म्हणतात. सोमवारपासून त्याला दवाखान्यात ठेवलंय. त्याला न्यायच्या आधी आम्ही दोघांनी तळघरातलं सगळं बाहेर काढलं, तुझं पिंपसुद्धा, आणि खताच्या खड्ड्यात ओतलं. पिंपाच्या झाकणावर ओब्रेनने खिळ्याने तुझं नाव कोरलं होतं. रेडिएटर मी कापला नाही, दुकानात ठेवलाय, कुणी सरकारी माणूस आला तर दाखवायला. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या अंगणात सगळ्यांना सांगणार आहे, कारण त्या घरी ज्यांनी ज्यांनी पेला घेतला त्यांना माहीत व्हायला हवं. पण रादोय म्हणाला, आधी तिला. गावाला नंतर सांगा, आधी मिलुंकाला.

तो असं म्हणाला, कारण तुझ्या पत्राचा शेवट मी त्याला वाचून दाखवला होता. सहीच्या खाली, कागद संपला तिथे कडेने तू बारीक अक्षरात लिहिलंयस की बाळ येतंय, जानेवारीत, मुलगा झाला तर नाव ओब्रेन, आणि कळल्यापासून दारूचा थेंब घेतला नाही, काका, काळजी करू नका. मी ते वाचून दोनदा तुला फोन लावला. तू एवढी आनंदात बोललीस की मी तिकडच्या पावसाची चौकशी करून फोन ठेवला. म्हणून हे पत्र टपालात न टाकता बसच्या ड्रायव्हरकडे देतोय, तो उद्या सकाळी स्वतः तुझ्या हातात देईल आणि तू वाचेपर्यंत दारात उभा राहील, तसं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. नीट वाच. मी शहरातल्या डॉक्टरांना विचारलं. शिसं रक्तातून हाडांत जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. बाईच्या पोटात मूल वाढायला लागलं की ते मूल आईच्या हाडांतून आपल्या हाडांसाठी ओढून घेतं, आणि त्याबरोबर हेही बाहेर येतं. तू सात वर्षं दर ऑगस्टला बाटल्या नेल्यास, रोज सकाळी कामावर जायच्या आधी बाबांच्या नावाने एक घोट घ्यायचीस, हे तूच मला सांगितलंस. तेव्हा आता दारू सोडून भागणार नाही. आजच जा. तिथल्या डॉक्टरांना सांग की जुन्या रेडिएटरमधून काढलेली दारू सात वर्षं प्यायले, रक्तात शिसं किती आहे ते बघा आणि बाळासाठी काय करायचं ते सांगा. घरात बाटली उरली असेल तर ती सोबत ने, तेही तपासतील. मला शिव्या घालणं, माझं नाव टाकणं, लग्नाला दुसरा कूम शोधणं, हे सगळं करायला पुढे वेळ आहे. कोट घाल आणि निघ.

तुझा म्हणायचं की नाही हे तुझ्यावर सोडलेला,
तिहोमिर